वाळवणं आणि लोणच्यांची वही ठेवता का? त्यात काय काय लिहिता?

परसबाग_लातूर:
नमस्कार मंडळी. घरामागं थोडी जागा आहे, त्यात गवार, वांगी, मेथी, मिरची, कारली आणि कडेला गावरान आंबा. थंडीत मेथी आणि हरभऱ्याची भाजी एवढी निघते की खाऊन संपत नाही, ती वाळवते, मग उन्हाळ्यात गवारीच्या शेंगा, कारल्याच्या चकत्या, सांडगी मिरची, आणि पाऊस लागायच्या आधी लोणचं. कुठल्या बरणीत कुठल्या सालचं हे सगळं सासूबाईंच्या डोक्यात असतं, त्या गावाकडं गेल्या की मला फोन करावा लागतो. यंदा वहीच घालायची ठरवलंय. तारीख लिहिली की भागतं का अजून काही लिहावं? आणि वही बरी का मोबाईल?

माळवद_बीड:
ताई, तारीख तर पाहिजेच पण वजन लिहा, ओलं किती घेतलं आणि वाळून किती झालं. मेथीची निवडलेली पानं १ किलो घेतली तर वाळून शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपासच राहतात, हे एकदा लिहून ठेवलं की डबा केवढा लागणार ते आधीच कळतं. सावलीत वाळवली का उन्हात तेही लिहा, आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन एवढं कडक की पालेभाजीचा रंग उडतो, गवार-कारल्याला मात्र तेच ऊन पाहिजे.
आणि माझ्या मते खरं महत्त्वाचं पान वापराचं. डब्यातून काढलं की किती काढलं, कशात घातलं (डाळीत, पिठलं, नुसतं तळून) आणि घरच्यांनी खाल्लं का नाही. आमच्याकडं वाळलेली हरभऱ्याची भाजी आषाढ-श्रावणातच उडते आणि वांग्याच्या फोडी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पडून राहतात, ते वहीत दिसलं म्हणून आता वांगी कमी लावतो आणि हरभऱ्याचा वाफा वाढवलाय. नुसती बनवल्याची यादी ठेवली असती तर हे कधीच कळलं नसतं.

परभणीकर:
वरच्या ताईंशी सहमत. लोणच्यासाठी एवढंच सांगतो, मीठ अंदाजानं टाकलं तरी टाकायच्या आधी तोलून लिहा. १ किलो फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ आमच्याकडं चालतं, आणि फोडीवर बोटभर तेल राहिलं पाहिजे, ते खाली गेलं की वरून गरम करून थंड केलेलं तेल घालायचं आणि त्याची तारीख त्याच पानावर. वाळवणाचे डबे पावसाळ्यात ओल धरतात, उघडीप मिळाली की परत ऊन द्यायचं, तेही लिहायचं.
एक कळकळीनं सांगतो. हल्ली व्हिडिओ बघून लोक गवार, मटार, मका नुसत्या पाण्यात उकळून काचेच्या बाटलीत हवाबंद करतात, ते करू नका. बोट्युलिझम म्हणजे अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा, तिच्या जंतूचे बीजाणू १०० अंशाला उकळूनही मरत नाहीत, आणि हवा नाही, आंबटपणा नाही, ओल आहे अशा ठिकाणी ते विष तयार करतात, बऱ्याचदा वासही येत नाही. ते बीजाणू मारायला ११६ अंशाच्या वरची वाफ लागते आणि वेळ मोजून द्यावा लागतो, घरचा कुकर त्यासाठी नाही. सोललेला कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवणं तसंच. अशा भाज्या वाळवा नाहीतर फ्रीजरमध्ये टाका.

परसबाग_लातूर:
काकू, दादा, मनापासून आभार. वापराचं पान डोक्यातच आलं नव्हतं. पण डब्यातून काढताना दर वेळी वही कुठं शोधायची, हात ओले असतात.

माळवद_बीड:
वही शोधायचीच नाही. डब्याच्या झाकणावर कागद चिकटवायचा, पेन्सिल फडताळाला दोऱ्यानं बांधायची, काढलं की तिथंच वाटी-मूठ जे असेल ते लिहायचं. डबा संपला की कागद काढून वहीत चिकटवायचा. शाई ओलीनं फुटते, पेन्सिलच घ्या. मोबाईलवर फारतर त्या पानाचा फोटो काढून सासूबाईंना पाठवा, त्यांना बरं वाटेल आणि काही राहिलं असेल तर त्या सांगतील.