काजव्यांच्या हंगामात गाड्या कमी कराव्यात, हे ग्रामसभेला कोणत्या आधारावर सांगावे?

प्रश्न
आमचे गाव भंडारदऱ्याजवळ, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कडेला आहे. मेअखेरीस काजवे चमकू लागले, की शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. शाश्वत पर्यटनाची पर्यावरणीय, सामाजिक-सांस्कृतिक आणि आर्थिक अशी तीन परिमाणे सांगितली जातात व त्यांचा समतोल राखावा, असे म्हटले जाते. परंतु ज्या थोड्या आठवड्यांत अनेक घरांच्या हातात रोख पैसा येतो, नेमक्या त्याच आठवड्यांत गाड्या कमी करा असे म्हणायचे, तर तो समतोल कसा ठरवायचा?

प्रतिसाद १
माझ्या मते येथे तिन्ही परिमाणांना सारखे वजन देता येणार नाही. काजव्याचा नर ठरावीक लयीत लुकलुकून मादीला संकेत देतो. गाडीचे दिवे, विजेऱ्या आणि मोबाइलचा फ्लॅश यांच्या उजेडात तो संकेत हरवतो आणि मीलन हुकते. अंडी ओलसर मातीत व पालापाचोळ्यात असतात आणि अळ्याही तेथेच गोगलगाई खाऊन वाढतात, त्यामुळे झाडाखाली लावलेल्या गाडीने किंवा पायांनी तुडवलेल्या जागेने झालेले नुकसान त्या हंगामात दिसतच नाही, ते पुढच्या वर्षांत कळते. म्हणून केवळ माणसे मोजू नका. गाड्या कुठे थांबतात आणि जंगलात किती उजेड जातो, हे आधी ठरवा.

प्रतिसाद २
हे मान्य आहे, पण गावाला पैसा मिळाल्याशिवाय कोणताही नियम टिकत नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी माणसे नेत आणि कुत्री-कोल्हेही खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरटी राखली, कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी राहू-जेवू लागले. तेव्हा अंडे विकण्यापेक्षा पिल्लू समुद्रात सोडणे घरालाही परवडू लागले. तुमच्याकडे येणारा पर्यटक बाहेरच्या व्यावसायिकाच्या तंबूत राहून पहाटे निघून जात असेल, तर रात्रीची वर्दळ गावाने सोसायची आणि मिळकत दुसऱ्याची, असेच होणार. ग्रामसभेत हा हिशेब आधी मांडा.

प्रतिसाद ३
साताऱ्याजवळच्या, रानफुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या कास पठाराचाही अनुभव लक्षात घ्यावा. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते पठार जागतिक वारशात आले, गर्दी वाढली आणि दिवसाला 3,000 पर्यटकांची मर्यादा व आगाऊ नोंदणी आली. संख्येची ही मर्यादा मला योग्यच वाटते. मात्र तेथे घातलेले कुंपण पुढे काढावे लागले, कारण गुरांचे चरणे व वन्यप्राण्यांचा वावर अडल्याने फुलांवर परिणाम होतो, असे स्थानिकांचे म्हणणे होते. तेव्हा कोणताही उपाय लादण्यापूर्वी त्या जमिनीवर गुरे चारणाऱ्यांना विचारणे आवश्यक आहे. तुमच्या गावापुरते सांगायचे, तर वाहनतळ वस्तीपाशी ठेवावा, तेथून पुढे गावातील वाटाड्याबरोबरच पायी जाऊ द्यावे, विजेरीला लाल कागद लावावा, आणि वाहनतळाचे शुल्क ग्रामपंचायत व वन विभाग यांच्यात कसे वाटले जाईल, हे हंगामापूर्वी लेखी ठरवून घ्यावे. ज्या झाडांवर काजवे दाट बसतात, त्यांची नोंद दरवर्षी शाळेतील मुलांकडून करून घेतल्यास पुढील वर्षीची मर्यादा वाढवायची की घटवायची, याला गावाचाच आधार मिळेल.