सौरज्वालेतील क्ष-किरणांचे ध्रुवीकरण कशासाठी मोजायचे?

ऐरोलीची शिक्षिका
नमस्कार. मी ऐरोलीत बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. आदित्य-एल१ या भारताच्या सूर्य-अभ्यासक यानावरील हेलिओस उपकरण सौरज्वालांतील, म्हणजे सूर्यावरील स्फोटांतील, उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांचा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किरण किती आहेत) मोजते आणि त्यावरून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढता येते, असे वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की मग त्याच किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे त्यांची कंपने एकाच दिशेत किती प्रमाणात होतात हे, मोजायची गरज काय? माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

कळवा खाडी
मॅडम, प्रश्न नेमका आहे. वर्णपटावरून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कळते. ते कोणत्या दिशेने धावत होते हे त्यावरून फारसे कळत नाही. ज्वालेत वेग मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून खाली उतरतात आणि दाट वर्णगोलात (सूर्याच्या वातावरणाच्या खालच्या थरात) आयनांजवळून जाताना वळून क्ष-किरण सोडतात. इलेक्ट्रॉनांचा झोत एकाच दिशेचा असेल तर हे किरण ध्रुवीकृत असतात, आणि ज्वाला सूर्यबिंबाच्या कडेजवळ असताना, म्हणजे आपण झोताकडे साधारण काटकोनातून पाहत असताना, ध्रुवीकरण अधिक दिसायला हवे. इलेक्ट्रॉन सर्व दिशांना सारखेच धावत असतील तर ते जवळपास शून्य होते. इलेक्ट्रॉनांना वेग कसा मिळतो, याबद्दलचे सिद्धांत पारखायला म्हणूनच हे मापन मोलाचे आहे.

घोडबंदरची दुर्बीण
यात एक अडचण आहे. संध्याकाळी पोलरॉइड चष्मा लावून ठाण्यातल्या तलावपाळीवर उभे राहा आणि मान तिरकी करा. मासुंदा तलावावरची चकाकी कमी-जास्त होते, कारण परावर्तनानेही प्रकाश ध्रुवीकृत होतो. सूर्यावर याच्याशी मिळतेजुळते काहीतरी घडते: खाली गेलेले क्ष-किरण सूर्याच्या दृश्य पृष्ठभागातील इलेक्ट्रॉनांवर आदळून परत फिरतात आणि थेट आलेल्या किरणांत मिसळतात, त्यामुळे मोजलेल्या ध्रुवीकरणात झोताचा वाटा किती हे वेगळे काढणे कठीण होते. साधारण २० ते १०० केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) पट्ट्यात ही मिसळ लक्षणीय असते. त्याहून वरच्या ऊर्जेला ती घटते, पण तिथे फोटॉनच (किरणांचे कण) मोजके येतात. नासाच्या रेसी या सौर उपग्रहाने २३ जुलै २००२ च्या ज्वालेसाठी ०.२ ते १ एमईव्ही (१ एमईव्ही म्हणजे १००० केईव्ही) या पट्ट्यात मोजलेले ध्रुवीकरण २१ टक्के होते, त्यातील अनिश्चितता मात्र ९ टक्क्यांची. रेसी मुळात प्रतिमा आणि वर्णपट यांसाठी बांधलेला होता, हेही लक्षात घ्यावे.

ऐरोलीची शिक्षिका
मग १ जानेवारी २०२४ ला गेलेल्या एक्स्पोसॅट या इस्रोच्या क्ष-किरण ध्रुवीकरण मोजणाऱ्या उपग्रहाचा इथे उपयोग होईल का?

कळवा खाडी
नाही, मॅडम. त्याचे ध्रुवीकरण मोजणारे उपकरण पोलिक्स ८ ते ३० केईव्हीमध्ये काम करते आणि न्यूट्रॉन तारे, कृष्णविवरे यांसारख्या दूरच्या स्रोतांकडे पाहते. शिवाय मोठ्या ज्वालांत त्या पट्ट्याच्या खालच्या भागात तापलेल्या वायूचेच किरण जास्त असतात आणि ते जवळजवळ अध्रुवीकृत असतात. सूर्याकडेच रोखलेले, ५० केईव्हीच्या वर पुरेसे फोटॉन टिपणारे उपकरण हवे आहे.