शेल, रूट, किल, आरएम: कमांड लाइनचे शब्द मराठीत सांगताना

प्रश्न

लिनक्स सर्व्हर सांभाळायला नव्याने आलेल्या मुलामुलींना मी कमांड लाइन (संगणकाला लिहून आज्ञा देणं) शिकवतो. बोलणं सगळं मराठीत, शब्द मात्र इंग्रजी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. 'फाइल'ला 'धारिका' म्हटल्याने कुणाला फाइल जास्त कळते असं मला वाटत नाही. अडचण अशी की शब्द तोंडात बसलेला असतो, पण त्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक नसतं. टर्मिनल, कन्सोल, शेल, प्रॉम्प्ट हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. मग कमांड चालली नाही की 'टर्मिनलमध्ये प्रॉब्लेम आहे' एवढंच निदान होतं.

प्रतिशब्द आहेत. 'शेल'ला 'कवच', 'कर्नल'ला 'गाभा', दोन्ही चांगले. 'कमांड लाइन'साठी 'आज्ञावली' सुचवला जातो, पण तो प्रोग्रामसाठी आधीच रूढ आहे, म्हणून मी टाळतो. आणि 'आर्ग्युमेंट'चा (कमांडपुढे लिहायचा शब्द, जसं फाइलीचं नाव) 'युक्तिवाद' झालेला पाहिला की वाचणाऱ्याची काळजी वाटते. 'कमांडला दोन युक्तिवाद द्या' हे वाचून कुणी काय टाइप करायचं?

मला नामांपेक्षा क्रियापदं हवी आहेत. फरक तोंडी सांगता येईल अशी वाक्यं. तुम्ही हे कसं सांगता?

उत्तर

टर्मिनल ही एके काळी खरीखुरी वस्तू होती, तिथून सुरुवात करा. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचं (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती सिस्टिम) काम सुरू केलं, त्या काळात संगणकाशी बोलायचं साधन म्हणजे टेलिटाइप: कळफलक आणि कागदावर छापणारं यंत्र. मॉडेल ३३ हा टेलिटाइप सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायचा. एलएस, सीपी, एमव्ही, आरएम (यादी दाखवणे, नक्कल करणे, हलवणे, काढणे) ही नावं इतकी आखूड का, हे मुलांना तिथेच उमगतं. 'टीटीवाय' हे आजही दिसणारं नाव त्याच टेलिटाइपचं लघुरूप आहे.

आजचं टर्मिनल म्हणजे त्या यंत्राची भूमिका वठवणारी खिडकी. ती अक्षरं नेते आणि आणते, अर्थ लावत नाही. कन्सोल म्हणजे यंत्राला थेट जोडलेलं टर्मिनल. नेटवर्क गेलं आणि एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) लागेना, की जिथून आत शिरायचं ते. शेल हा प्रोग्राम आहे: तुम्ही लिहिलेली ओळ घेतो, तिची फोड करतो आणि कर्नलकरवी, म्हणजे यंत्राचा ताबा असलेल्या सिस्टिमच्या गाभ्याकरवी, कमांड सुरू करवतो. प्रॉम्प्ट म्हणजे शेलने 'हं, बोला' म्हणणं. (शेल मी पुल्लिंगी वापरतो. 'शेल उघडलं' म्हणणारेही आहेत, त्यांचंही चूक नाही.)

यातलं 'फोड करणे' हे क्रियापद सोडू नका. व्याकरणात संधीची फोड करतो तशीच ही ओळीची. कमांड सुरू होण्याआधी शेल ओळीत पुष्कळ काही उरकून घेतो, आणि हे कळलं नाही तर पुढची अडचण महिनोन् महिने छळते:

सुडो एको "नवी ओळ" >> /ईटीसी/होस्ट्स

सुडो म्हणजे पुढची कमांड सर्वाधिकारी 'रूट' वापरकर्ता म्हणून चालवणं, एको म्हणजे दिलेला मजकूर छापणं, आणि पुढची खूण म्हणजे तो फाइलीच्या शेवटी जोडणं. उत्तर येतं, 'परमिशन डिनाइड', परवानगी नाही. सुडो लावलेला आहे, मग नकार कसला? तर '>>' ही खूण एकोसाठी नाही आणि सुडोसाठीही नाही, ती शेलसाठी आहे. फोड करताना शेलला ती दिसते आणि सुडो सुरू व्हायच्या आधीच तो स्वतः फाइल उघडायला जातो. शेल चालतोय तुमच्या साध्या खात्यावर, म्हणून दार बंद. आता हे पाहा, यात '|' ही खूण एकोने छापलेलं पुढच्या कमांडच्या हाती देते:

एको "नवी ओळ" | सुडो टी -ए /ईटीसी/होस्ट्स

इथे फाइल उघडतो तो 'टी' ('-ए' म्हणजे शेवटी जोड), आणि टी चालतोय रूट म्हणून. (टी हे नाव नळजोडणीतल्या इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या सांध्यावरून आलंय: एका बाजूने आलेलं दोन बाजूंना जातं.)

'सॉर्ट यादी > यादी' (यादी क्रमाने लावून त्याच फाइलीत लिही) केल्यावर यादी रिकामी का होते, याचं कारणही हेच. शेल आधी फाइल रिकामी करून उघडतो, सॉर्टच्या हाती काहीच उरत नाही. तारांकनाचंही तेच. 'आरएम *.लॉग' मध्ये जुळणारी फाइल असेल तर आरएमला तारा दिसतच नाही. शेल जुळणारी नावं शोधून त्याच्या पुढ्यात ठेवतो. म्हणून आरएम चालवण्याआधी तीच ओळ आरएमच्या जागी एको घालून चालवून पाहायला सांगा. शेल काय वाढून देणार आहे ते डोळ्यांना दिसतं.

माझं वाक्य: टर्मिनल दाखवतं, शेल फोड करतो, कर्नल काम करतो. कुठलाही एरर आला की आधी विचारायचं, या तिघांपैकी बोललं कोण? की चौथी, म्हणजे कमांड स्वतः बोलली?

आणखी एक उत्तर: 'रूट'बद्दल

'रूट'चे तीन अर्थ आहेत. फाइलींच्या झाडाचा सगळ्यात वरचा बिंदू, जो नुसत्या '/' ने लिहितात. ज्याचा क्रमांक शून्य आहे तो सर्वाधिकारी वापरकर्ता. आणि त्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी, '/रूट'. फोनवर कुणी 'रूटमध्ये जा' म्हटलं तर तिन्हींपैकी काहीही होऊ शकतं.

मराठी क्रियापदं हा गुंता सहज सोडवतात. 'मुळाशी जा' म्हणजे सीडी /. 'रूट व्हा' म्हणजे अधिकार घ्या. 'रूटच्या घरी जा' म्हणजे सीडी /रूट. जाणे आणि होणे यांत गल्लत होत नाही. आमच्या टीममध्ये हे तीन प्रयोग ठरवून टाकले आहेत आणि रात्री-अपरात्री फोनवरून सूचना देताना त्यांचा फार आधार वाटतो.

आणखी एक उत्तर: 'किल' आणि 'मारणे'

आपण 'कमांड मार', 'ग्रेप मार', 'एंटर मार' असं सर्रास म्हणतो. काहींना ते अशुद्ध वाटतं, मला ते अस्सल मराठी वाटतं. हाक मारणे, गाठ मारणे, फेरी मारणे, शिट्टी मारणे. यांत कुणी कुणाला मारत नाही. आणि योगायोग असा की 'किल' ही कमांडसुद्धा मुळात मारत नाही. ती प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, सिग्नल पाठवते. 'हाक मारणे' हाच तिचा नेमका अर्थ.

कुठली हाक, ते क्रमांकावरून ठरतं. काहीच सांगितलं नाही तर १५, म्हणजे 'आवरतं घे'. प्रोसेस उघड्या फाइली बंद करते, अर्धवट लिहिलेलं पूर्ण करते, कुलपाची फाइल काढते आणि निघते. तिने ठरवलं तर ती या हाकेकडे दुर्लक्षही करू शकते. ९ ही हाक प्रोसेसच्या कानावर पडतच नाही. कर्नल तिला परस्पर उचलतो. आवराआवर करायला क्षणही मिळत नाही. म्हणून डेटाबेससारख्या प्रोसेसवर पहिल्याच फटक्यात ९ वापरणं मला मुळीच पटत नाही. आधी १५, मग थांबून पाहणं, लॉग (प्रोसेसने ठेवलेली नोंदवही) वाचणं, आणि अगदीच इलाज नसेल तर ९.

१ क्रमांकाच्या हाकेचं नाव 'हप', म्हणजे फोन ठेवून देणं. टर्मिनल फोनच्या तारेवरून जोडलेलं असायचं, तार तुटली की त्यावरच्या प्रोसेसना ही खबर जायची. 'नोहप' ही कमांड त्यातूनच आली: लाइन तुटली तरी काम चालू ठेव. ज्या सेवा टर्मिनलशिवाय चालतात त्यांना या खबरेचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांतल्या बऱ्याच जणींनी तिला 'कॉन्फिगरेशन पुन्हा वाच' असा अर्थ दिला. तो संकेत आहे, नियम नाही. प्रत्येक सेवेचं मॅन्युअल पाहूनच वापरा.

दोन प्रसंगी ९ चाही उपयोग होत नाही. प्रोसेस डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या साठ्याच्या उत्तराची वाट पाहत 'डी' स्थितीत अडकली असेल तर बहुधा ती वाट संपेपर्यंत काही करता येत नाही. आणि झोंबी प्रोसेस तर संपलेलीच असते; तिची फक्त नोंद उरलेली असते, कारण तिच्या पालक प्रोसेसने शेवटचा निकाल अजून विचारलेला नाही. तिथे इलाज पालकावर करायचा.

आणखी एक उत्तर: 'आरएम'ला 'पुसणे' म्हणू नका

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण 'पुसणे' किंवा 'डिलीट' या शब्दांनी चुकीचं चित्र डोक्यात बसतं. ज्या सिस्टिम कॉलने (प्रोग्रामने कर्नलला केलेल्या विनंतीने) हे काम होतं त्याचं नाव 'अनलिंक' आहे, म्हणजे दुवा सोडवणे. मी 'नाव खोडणे' म्हणते.

डिस्क भरली. /व्हार/लॉग मध्ये एक अवाढव्य लॉग दिसला. आरएम केला, एलएसमध्ये तो आता दिसत नाही. जागेचा हिशेब देणाऱ्या दोन कमांडांपैकी 'डीएफ' मात्र अजून डिस्क भरलेलीच दाखवतंय आणि 'डीयू' म्हणतंय जागा आहे. नवा माणूस इथे गोंधळतो आणि आणखी फाइली उडवायला लागतो.

झालं असं: डिरेक्टरी ही नावांची यादी. प्रत्येक नावापुढे आयनोडचा क्रमांक. खरा मजकूर कुठे आहे, मालक कोण, परवानग्या काय, हे सगळं त्या आयनोडकडे. आरएम यादीतलं नाव खोडतो. त्या आयनोडकडे जाणारं एकही नाव उरलं नाही आणि कुठल्याही प्रोसेसने ती फाइल उघडून धरलेली नसेल, तरच जागा मोकळी होते. इथे सेवा तो लॉग अजून उघडून बसली आहे आणि त्यात लिहितेही आहे. डीयू नावांवरून चालत मोजतं, त्याला ती फाइल सापडत नाही. डीएफ फाइल सिस्टिमला विचारतं, तिला सगळं माहीत आहे.

'एलएसओएफ +एल१' चालवा. नाव खोडलेल्या पण उघड्या राहिलेल्या फाइली आणि त्या धरून बसलेल्या प्रोसेस समोर येतात. त्या सेवेला लॉग नव्याने उघडायला सांगितलं किंवा तिला रिस्टार्ट केलं की जागा सुटते. पुढच्या वेळी मजकूर नकोच असेल तर आरएमऐवजी 'ट्रंकेट -एस ०' करावं: नाव राहतं, आयनोड राहतो, मजकूर जातो. याला मात्र खुशाल 'पुसणे' म्हणा.

'डीमन'

आणखी एक उत्तर. डीमन म्हणजे टर्मिनलशिवाय पडद्याआड चालणारी सेवा. याला 'भूत' म्हणू नये असं वाटतं. हा शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रुजला, आणि भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या विचारप्रयोगात रेणूंची निवड करत बसलेल्या अदृश्य डीमनवरून घेतला गेला. मूळ ग्रीक कल्पनेत तो दुष्ट नाही. पडद्याआड राहून राखण करणारा 'यक्ष' त्याच्या जवळ जातो. शिकवताना मी 'डीमन'च म्हणतो आणि यक्षाचा उल्लेख एकदा करतो, तेवढा पुरतो.

प्रश्नकर्त्याकडून

'फोड करणे', 'हाक मारणे' आणि 'नाव खोडणे' हे तिन्ही उद्यापासून वापरणार. एक राहिलं. परवानग्यांना मी 'वाचणे, लिहिणे, चालवणे' म्हणतो. फाइलीला ते लागू पडतं, पण डिरेक्टरी 'चालवणे' म्हणजे काय, असं विचारलं की माझी गाडी अडते.

उत्तर

वर सांगितलेलं 'डिरेक्टरी म्हणजे नावांची यादी' हे धरून चला. मग वाचणे म्हणजे यादी पाहणे. लिहिणे म्हणजे यादीत नाव घालणे किंवा खोडणे. तिसरी परवानगी म्हणजे 'आत शिरणे', तिथून पुढे जाण्याची मुभा. तिसरी नसेल तर दुसरीचाही उपयोग नाही.

यातून एक गोष्ट आपोआप कळते: फाइलीवर लिहायची परवानगी नसली तरी ती खोडता येते, कारण खोडणं हा यादीतला फेरफार आहे. /टेम्प मध्ये सगळेच लिहू शकतात, तरी एकाला दुसऱ्याची फाइल खोडता येत नाही, ती तिथल्या स्टिकी बिटमुळे. एलएस -एलडी केलं की शेवटी 'टी' अक्षर दिसतं ते हेच.

आणि वेब सर्व्हर ४०३ ('प्रवेश नाही') देत असेल, फाइलीच्या परवानग्या ठीक दिसत असतील, तर वरच्या एकेका डिरेक्टरीत 'आत शिरणे' आहे का ते पाहा. 'नेमआय -एल' ला फाइलीचा पूर्ण पाथ दिला की मुळापासून प्रत्येक पायरीची परवानगी ओळीने छापून येते. ज्या पायरीवर इतरांसाठीचं 'एक्स', म्हणजे हेच 'आत शिरणे', गायब असेल, तिथे बहुतेक वेळा सर्व्हर अडलेला असतो.