मदत हवी आहे: सड्यावरच्या मोथ्याची ओळख पटत नाही

नमस्कार मंडळी. राजापूरजवळच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, सप्टेंबरमध्ये मोथ्याच्या कुळातली एक वीतभर वनस्पती सापडली. पाणी साचलेल्या खळग्याच्या काठाला, कवल्याच्या पिवळ्या फुलांमध्ये. कवला निदान फुलावरून कळतो, पण इथे सगळं गणित दाण्यावर येऊन थांबतं.

अडचण अशी: पानाच्या आवरणाच्या तोंडाशी लांब पांढरे केस आहेत, म्हणून याच कुळातली बल्बोस्टायलिस ही प्रजाती (जीनस) वाटते. त्या प्रजातीत कुक्षीवृंताचा (फुलातल्या स्त्रीकेसराच्या दांडीचा) तळ दाण्याच्या टोकाला बटणासारखा चिकटून राहतो, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या फिम्ब्रिस्टायलिस प्रजातीत तो गळून जातो. माझ्याकडे दहापटीचं भिंग आहे. त्यातून काही दाण्यांवर बटण दिसतं, काहींवर नाही! दाणे कोवळे आहेत की मीच सुकवताना ते झाडून टाकलं? कुकच्या जुन्या फ्लोरातली (वनस्पतींच्या वर्णनग्रंथातली) पायरीपायरीने ओळख पटवणारी किल्ली लावून पाहिली, पण याच पायरीवर अडले.

नवीन जात आहे असा माझा अजिबात दावा नाही. तरी नमुने मुळासकट रद्दीत दाबून ठेवलेत, कारण उद्या तसं निघालंच तर प्रमाण नमुना (ज्यावर त्या जातीचं नाव आधारलेलं असतं तो) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा केल्याशिवाय नाव वैध ठरत नाही.

पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा आघारकर संस्थेच्या हर्बेरियममध्ये तुलनेसाठी जाताना काय काय न्यावं? पिकलेले दाणे मिळवायला ऑक्टोबरअखेर पुन्हा सड्यावर जाऊ का, की तोवर सगळं वाळून गेलेलं असेल? या कुळावर काम केलेल्या कुणी मार्ग दाखवला तर फार उपकार होतील.