ऑस्कर माशाला रोज जिवंत गोल्डफिश? कृपया थांबवा

तुम्ही लिहिलंय की टाकीत पाळलेल्या तुमच्या ऑस्कर माशाला रोज दोन छोटे जिवंत गोल्डफिश आणि अधूनमधून चिकनचं काळीज देता. कळकळीने सांगतो, दोन्ही बंद करा. गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. महिनोन्‌महिने तेच खाऊ घातलं तर मासा अशक्त होतो, तोल जाऊन वेडावाकडा पोहू लागतो. शिवाय दुकानातल्या खच्चून भरलेल्या टाकीतले हे मासे सोबत रोग घेऊन येतात. चिकनची चरबीही माशाला नीट पचत नाही.

ऑस्कर मूळचा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथे तो नुसते मासे खात नाही. किडे, कोळंबीसारखे जीव, कधी फळंही खातो. म्हणून रोजचं खाणं चांगल्या पेलेट्सचंच (माशांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांचं) ठेवा. वरून आठवड्यातून दोनदा ताजं. आम्ही बेलापूरला राहतो, जवळच्या दिवाळे गावच्या बाजारातून चिलापी (तिलापिया मासा) आणतो. तिच्यात थायमिनेज नसतं. काटे काढून, तोंडात मावतील एवढे तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवतो. कोळंबी कधीतरीच, तीही बिनमिठाची. सुकट नको, खारवलेली असते.

तुमचा ऑस्कर पेलेट्स तोंडात घेऊन थुंकतो म्हणता ना? मोठा, धडधाकट मासा तीन-चार दिवस उपाशी राहिला तरी काही होत नाही. आमच्याने पाचव्या दिवशी खाल्ले. त्या दिवसांत मन घट्ट करा, गोल्डफिश टाकू नका, आणि न खाल्लेले पेलेट्स लगेच काढून टाका, नाहीतर पाण्यात विषारी अमोनिया वाढतो.