वाचनालयात एकटे येणारे मूल: आपले अनुभव लिहावेत

सुट्टी लागली की सार्वजनिक वाचनालयांच्या बालविभागात वर्दळ वाढते आणि त्यातली पुष्कळ मुले एकटी येतात. त्यांच्याकडे लक्ष कोणी द्यायचे आणि कुठवर, याविषयी ग्रंथपाल, पालक आणि वाचक यांनी आपले अनुभव तपशिलाने लिहावेत. संस्थेचे किंवा मुलाचे नाव मात्र लिहू नये.

ग्रंथपाल, तालुक्याचे गाव

आमचे वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि सायंकाळी चार ते आठ उघडे असते, आणि खरी अडचण येते ती अकरा वाजता. देवघेव आटोपून कुलूप लावायला निघावे, तर एखाददुसरे मूल पायरीवर बसलेले असते, कारण घरच्यांना वाचनालय दुपारी बंद असते हेच ठाऊक नसते. त्याला वैशाखाच्या उन्हात सोडून जाववत नाही आणि एकट्या कर्मचाऱ्याने बंद इमारतीत त्याला घेऊन बसणेही योग्य नाही. म्हणून आता सभासदत्वाच्या अर्जावरच पालकांचे दोन फोन क्रमांक, मूल एकटे घरी जाते की नाही आणि न्यायला कोण येणार, हे लिहून घेतो. अर्जात नाव नसलेले कोणी न्यायला आले, तर पालकांशी बोलल्याशिवाय मूल सोबत देत नाही. यावरून एका सख्ख्या मामांनी आम्हाला बरेच सुनावले, तरी नियम तसाच ठेवला आहे.

इमारतीचेही पाहावे लागते. वरच्या खणातले पुस्तक हवे असले की मुले खालच्या फळीवर पाय देऊन चढतात, आणि खालचे खण रिकामे असले तर लोखंडी कपाटसुद्धा पुढे झुकते. आम्ही सगळी कपाटे पट्ट्यांनी भिंतीला जखडली, मुलांची पुस्तके खालच्या तीन खणांत आणली आणि वर चढायचा लाकडी घोडा आतल्या खोलीत कुलपात ठेवला.

एक आई, डोंबिवली

पालकांशिवाय प्रवेश नाही, असा सरसकट नियम कृपया करू नये. आम्ही दोघेही नोकरीसाठी मुंबईला जातो, लोकलचा भरवसा नसतो आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीला बंद घरापेक्षा वाचनालय अधिक सुरक्षित आहे, असे मला मनापासून वाटते. मात्र तिथले कर्मचारी पाळणाघर चालवत नाहीत, याची जाणीव ठेवून वेळेत न्यायला येणारी शेजारीण मी आधीच ठरवून ठेवली आहे.

अभ्यासिकेतील विद्यार्थी

आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आणि बालविभाग यांचा जिना आणि स्वच्छतागृह एकच आहे. एक गृहस्थ मुलांचे मोबाइलवर फोटो काढताना मी पाहिले आणि लगेच बालविभाग सांभाळणाऱ्या बाईंना सांगितले. बाईंनी त्या गृहस्थांना थांबवले, कार्यवाहांना कळवले, आणि त्याच आठवड्यात आपले टेबल दारासमोर, मुले दिसतील असे हलवून घेतले. मागच्या बोळातला दिवा मात्र अजून लागलेला नाही, आणि मुलांना तिथूनच जावे लागते.

इंग्लंडमधून

आमच्या गावातले ग्रंथालय स्थानिक कौन्सिल चालवते. तिथे आठ वर्षांखालील मुलासोबत मोठे माणूस असलेच पाहिजे. बंद होण्याच्या वेळी मूल एकटे उरले, तर दोन कर्मचारी मिळून थांबतात, पालकांना फोन करतात आणि कोणीच आले नाही तर पोलिसांना कळवतात. एकट्याने थांबायचे नाही, हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मुलाइतकेच कर्मचाऱ्याचेही रक्षण होते.

कार्यकारिणी सदस्य, शासनमान्य वाचनालय

दोन कर्मचारी थांबवायचे, तर ते असायला हवेत. महाराष्ट्रातील 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ‘ड’, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाच्या छोट्या वाचनालयांत बहुधा एकच माणूस सारे सांभाळतो. म्हणून आम्ही सुट्टीत रोज सायंकाळी कार्यकारिणीतील एका सदस्याने हजर राहावे, असा ठराव केला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचे कळले, तर संस्थेची बदनामी नको म्हणून आपसांत मिटवण्याकडे कल असतो. ते चालणार नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हाच गुन्हा आहे. ही गोष्ट आम्ही प्रत्येक कर्मचाऱ्याला आणि सदस्याला लेखी दिली आहे. 1098 हा मुलांच्या मदतीसाठी असलेल्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक बालविभागात मुलांना सहज वाचता येईल इतक्या उंचीवर लावला आहे, आणि वाचनालयाच्या फोनवरून तो लावायला कोणत्याही मुलाला परवानगी मागावी लागत नाही.