वाडीचा पंचनामा आणि सतरा नावांचा सातबारा

'घरची मंडळी' ग्रुप

रेखावहिनी (गाव): सगळ्यांना एकदमच कळवते. परवाच्या वादळात पडवीचे पत्रे गेले. माजघरावरची कौलं पुढच्या बाजूने उचकटली आहेत, आढ्यावरचे कोने तर एकही जागेवर नाही. ताडपत्री घालून वर वाळूच्या पिशव्या ठेवल्यात. भाऊ बरे आहेत, काळजी करू नका. वाडीत मात्र बघवत नाही. विहिरीकडचे चार माड मुळासकट आडवे झालेत आणि पोफळी (सुपारीची झाडं) मधोमध मोडल्यात, अजून मोजल्या नाहीत. तलाठी उद्या पंचनाम्याला येणार असा निरोप आहे. सातबारा, आठ अ, घरपट्टीची पावती, आधार, पासबुक सगळं काढून ठेवलंय. एक अडचण आहे, ती दिवा-बत्ती झाली की सविस्तर लिहिते. मोबाइल सागरच्या गाडीत चार्ज करून आणलाय.

अविदादा (डोंबिवली): वहिनी, फोटो काढून ठेवा. पडलेला प्रत्येक माड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसला पाहिजे. आणि पंचनामा होईपर्यंत काही तोडून बाजूला करू नका.

मिलिंद (पुणे): सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं. मला वाटतं सरकारच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये. आपण वर्गणी काढू, पावसाच्या आत छप्पर उभं राहील. पंचनामा, कचेरी, हेलपाटे, आणि शेवटी हातात काय पडणार? शिवाय सरकारने प्रत्येकाच्या घराची कौलं का घालून द्यायची, हाही प्रश्न आहेच.

अविदादा (डोंबिवली): वर्गणी काढायचीच. माझे दहा हजार आज टाकतो. पण पंचनामा सोडायचा नाही.

सुलूआत्या (चिपळूण): मिलिंद, तू मनापासून बोलतोयस हे कळतंय मला. पण २२ जुलै २०२१ चा पूर आम्ही अंगावर घेतलाय म्हणून सांगते. दुकानात पाणी माळ्याला लागलं होतं. उतरल्यावर गुडघाभर चिखल, आणि त्यात फुगलेली पोती, वह्या, वजनकाटा. पहिल्या दिवसांत कोण आलं, तर कुठकुठली मुलं पाण्याच्या बाटल्या, पाव, फावडी घेऊन आली. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण बाबा, वर्गणीतून वाशिष्ठीतला गाळ निघत नाही. वर्गणीतून विजेचे खांब उभे राहत नाहीत, नळाला पाणी येत नाही, रस्त्यावरचा कुजका ढीग उचलला जात नाही. ते सरकारचंच काम. गाळ काढा म्हणून सुद्धा इथल्या लोकांना त्या डिसेंबरात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. आपण मागायचं सोडलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात नदी परत बाजारपेठेतच आली असती.

सुलूआत्या (चिपळूण): आणि दुकानांना मदत मिळाली ती जास्तीत जास्त पन्नास हजार. आमचा माल किती गेला ते विचारू नकोस. तरी त्या पन्नासांवरच काकांनी पहिला माल भरला. थोडे म्हणून सोडून दिले असते तर शटर उघडलंच नसतं.

मिलिंद (पुणे): आत्या, रस्ते-वीज-नदी मान्य. मी खासगी घराबद्दल म्हणतोय. पैसा शेवटी करदात्यांचाच ना?

प्राजक्ता (ठाणे): दादा, इथे मी बोलते, कारण हे माझ्या अभ्यासातलं आहे. 'आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५' मध्ये कलम १२ आहे. आपत्तीग्रस्तांना किमान काय मिळालं पाहिजे हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठरवायचं, असं ते सांगतं. निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार तर आहेच, पण माणूस गेला, घराचं नुकसान झालं किंवा पोटापाण्याचं साधन परत उभं करायचं असलं तरी अर्थसाहाय्य त्याच कलमात आहे. कोविडच्या मृत्यूंबाबत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ३० जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हे ठरवणं प्राधिकरणाच्या मर्जीवर नाही, ते त्याचं कर्तव्य आहे. रक्कम किती ते न्यायालयाने प्राधिकरणावर सोडलं आणि मग पन्नास हजार ठरले. म्हणजे आकड्यावर वाद घालता येतो, जबाबदारीवर नाही.

आणि करदात्यांचं म्हणशील तर त्यासाठीच वेगळा निधी असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत आपल्यासारख्या राज्यासाठी ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे. भाऊसुद्धा काडेपेटीपासून खतापर्यंत कर भरतातच.

नानाकाका (बोरिवली): प्राजक्ता, शाब्बास.

मिलिंद (पुणे): बरं, हे मला इतकं माहीत नव्हतं. पण विमा? आंब्याचा तरी विमा असतो ना? तो सरकारी मदतीपेक्षा जास्त मिळेल.

अविदादा (डोंबिवली): हापूसच्या विम्यात वेगवान वाऱ्याचं संरक्षण १६ एप्रिल ते १५ मे एवढंच. 'तौक्ते' आपल्या किनाऱ्यावर आलं १६ मे २०२१ ला. झाडावर आंबा होता, विमा संपलेला होता. वादळ दिनदर्शिका बघून येत नाही. आणि पोफळी-माडांना तो विमा नाहीच. नारळ विकास मंडळाची माडांसाठी वेगळी योजना आहे, ती आपल्या गावात किती जणांना कोणी समजावून सांगितली?

रेखावहिनी (गाव): आता माझी अडचण लिहिते. जरा लांब होईल, पण सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण ती आपल्या सगळ्यांची आहे.

आधी घराचं. केंद्राच्या निकषात पंधरा टक्क्यांपेक्षा कमी पडझड असेल तर काहीच नाही. त्याहून जास्त असेल तर पक्क्या घराला साडेसहा हजार, कच्च्याला चार. घर पूर्ण पडलं तर सपाटीवर एक लाख वीस हजार. आपल्या भिंती जांभ्याच्या, पण मातीत बांधलेल्या, वर कौलं. हे घर पक्कं की कच्चं? गेल्या खेपेला शेजारच्यांचं अगदी असंच घर कच्च्यात धरलं आणि त्याच आळीतलं दुसरं पक्क्यात. उद्या मी तिथे उभी राहून भिंतीची जाडी टेपने मोजून लिहून घ्यायला लावणार आहे. पंधरा टक्के म्हणजे किती कौलं, तेही विचारणार आहे.

मग वाडी. सरकार बागेचं नुकसान हेक्टरात मोजतं. केंद्राचा दर हेक्टरी साडेबावीस हजार. आपली वाडी बारा गुंठे. शंभर गुंठ्यांचा हेक्टर धरा, म्हणजे गुंठ्याला सव्वादोनशे आणि सगळ्या वाडीचे सत्तावीसशे. 'निसर्ग'नंतर २०२० मध्ये राज्याने हा दर अठरा हजारांवरून पन्नास हजार केला होता. तेव्हा खूप वाटला, पण गुंठ्याला पाचशेच की! गुंठ्यात बारा-तेरा पोफळी असतात. एक पोफळ लावून तिला बेडं (सुपाऱ्या) धरायला सहा-सात वर्षं जातात, माडालाही तेवढीच. भाताचं पीक गेलं तर पुढच्या वर्षी परत उभं राहतं. वाडी पडली तर सहा-सात वर्षांची मिळकत पडते. हा फरक हेक्टरात दिसतच नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं दुःख मी कमी मानत नाही, पण त्यांच्या शेताचं माप आमच्या वाडीला लावून कसं चालेल? 'निसर्ग'च्या वेळी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडपासून इकडे दापोली-मंडणगडपर्यंत सगळ्यांनी ओरडा केला, तेव्हा पुढे झाडाच्या हिशेबाने द्यायचं ठरलं. म्हणजे झाडं मोजता येतात, सरकारला ते जमतं. मग दर वादळानंतर पुन्हा पहिल्यापासून भांडायला का लावायचं? नियमातच लिहून टाका ना.

रेखावहिनी (गाव): आणि खरी अडचण ही. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातली सहा माणसं वारली, चौघांची वारस नोंदच झालेली नाही. बाकीचे मुंबई, ठाणे, पुणे, एक बडोद्याला. पैसे भाऊंच्या खात्यात जमा व्हायचे तर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. 'निसर्ग'च्या वेळी पंचनामा झाला, यादीत नाव आलं, आणि संमती पूर्ण नाही म्हणून पैसे आलेच नाहीत. भाऊ कोणाला काही बोलले नाहीत. लॉकडाऊन होता, सह्या कुठून आणणार होतो? महिनाभर वीज नव्हती, त्यात कोणाकडे स्कॅनर शोधायचा? तेव्हा भाऊंनी स्वतःच्या म्हातारपणाच्या पैशांतून पोफळी परत लावल्या. परवा मोडल्या त्या ह्याच, यंदा पहिल्यांदा बेडं धरली होती.

सुलूआत्या (चिपळूण): अगं रेखा, हे एवढं मला कोणी सांगितलंच नाही.

अविदादा (डोंबिवली): ही फक्त आपली गोष्ट नाही. कोकणातल्या निम्म्या वाड्यांचे सातबारे असेच आहेत. माणसं पोटासाठी मुंबईला गेली, जमीन सामाईक राहिली, आणि जो मागे राहून कसतो त्याच्याच हातात कागद नाही. सरकारला हे शंभर वर्षं माहीत आहे. माझं म्हणणं, संकटात मदत द्यायची ती कसणाऱ्याला. ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे. शेतात काय उभं आहे आणि कोण लावतंय हे त्यात नोंदवता येतं. पोलीस पाटील आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या पंचनाम्यावर घ्या आणि पैसे द्या. हिश्शाचे वाद मागाहून मिटू देत. ज्याचं घर उघडं पडलंय त्याला आधी सतरा सह्या आण म्हणून सांगणं हा अन्याय आहे.

प्राजक्ता (ठाणे): दुसरी बाजूही आहे, दादा. संमतीची अट काढली तर कोणीतरी परस्पर पैसे उचलेल आणि म्हाताऱ्या विधवेचं नाव राहून जाईल, अशीही प्रकरणं होतात. पण त्यासाठी ठरावीक रकमेपर्यंत कसणाऱ्याचं हमीपत्र घेऊन पैसे सोडता येतील. सत्तावीसशे रुपयांसाठी सतरा सह्या मागण्यात काही अर्थ नाही.

अजून एक लक्षात ठेवा. मोठ्या आपत्तीनंतर कर्जात सवलतीची शिफारस करायचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये होता. २०२५ च्या दुरुस्तीत ते कलमच वगळलं. बागायतदारांच्या डोक्यावर सोसायटीचं, बँकेचं कर्ज असतं. हे जायला नको होतं, आणि यावर कोकणातून मोठा आवाज उठला पाहिजे होता.

मिलिंद (पुणे): वहिनी, 'निसर्ग'च्या वेळी संमतीपत्राचा मेसेज मलाही आला असणार ना?

रेखावहिनी (गाव): आला होता रे. तेव्हा काका दवाखान्यात होते तुझे. ते आता काढू नकोस.

नानाकाका (बोरिवली): रेखा, एक विचारतो, राग मानू नकोस. संमतीपत्र दिलं म्हणजे जमिनीतला हक्क सोडला असं उद्या कोणी म्हणणार नाही ना? माझ्या दोन्ही मुलांना हीच भीती आहे.

प्राजक्ता (ठाणे): नाही, नानाकाका. हक्कसोडपत्र हा नोंदणी करावा लागणारा वेगळा दस्त आहे. हे फक्त मदतीच्या रकमेपुरतं. तरी मनात शंका नको म्हणून मी मसुद्यात ओळच घालते : 'सदर संमती केवळ नुकसानभरपाईच्या रकमेपुरती असून माझा मिळकतीतील हक्क व हिस्सा अबाधित आहे.' चालेल?

नानाकाका (बोरिवली): चालेल. मग मी सही करतो, आणि दोघांकडूनही घेतो. भाऊने ती वाडी राखली म्हणून आम्हाला गाव आहे.

सुलूआत्या (चिपळूण): बायकांची नावं सातबाऱ्यावर लागलीत का बघा गो. मी आणि माई आहोत का त्यात? असू तर आमच्याही सह्या लागतील, आणि नसू तर वारस नोंदीत आत्ताच घाला.

रेखावहिनी (गाव): तुम्ही आहात आत्या, माईंचं नाव राहिलंय. वारस नोंदीच्या अर्जात घेते.

अविदादा (डोंबिवली): अजून एक. ग्रामसभेत ठराव घ्यायला सांगा. झाडागणिक मदत, कसणाऱ्याच्या खात्यात पैसे, आणि विजेच्या तारा जमिनीखालून, हे तीन विषय. अलिबागला वादळ धोका निवारणाच्या प्रकल्पात तारा जमिनीखाली गेल्या. आपल्या किनाऱ्याला का नाही? दर वादळात खांब पडायचे, पाणी ओढायला वीज नाही म्हणून उरलेली वाडीही सुकायची. महाडच्या तळिये गावावर दरड पडली २२ जुलै २०२१ ला. जे वाचले त्यांना पक्कं घर मिळेपर्यंत एकाहून जास्त पावसाळे कंटेनरमध्ये काढावे लागले. पहिल्या आठवड्यात तिथे सगळे नेते जाऊन आले होते. माणूस पुन्हा आपल्या घरात राहायला जाईपर्यंत सरकारचं काम संपत नाही, हे ठरावात अगदी ह्याच शब्दांत लिहा.

रेखावहिनी (गाव): लिहिते. सरपंच ऐकतील, त्यांचीही वाडी गेली आहे. आत्ताच सागरला घेऊन बॅटरीच्या उजेडात मोजून आले. पोफळी एकशे चार मोडल्या, माड चार पडले, एक कलला आहे. कललेला धरतील की नाही माहीत नाही, पण मुळं उघडी पडलीत, तो पावसात राहणार नाही. त्याचाही फोटो घेते.

मिलिंद (पुणे): वहिनी, माझे पंधरा हजार पाठवलेत, कौलांसाठी. प्राजक्ता, मसुदा टाक. माझं आणि आईचं संमतीपत्र उद्याच करतो. बडोद्याच्या काकांचं मी बघतो, त्यांच्याशी माझं बोलणं असतं. स्कॅन चालेल ना?

रेखावहिनी (गाव): स्कॅन नको, मूळ प्रतीच मागतात. सोबत आधारची प्रत, त्यावर सही. मुंबई-ठाण्याच्या सगळ्यांनी शुक्रवारपर्यंत अविदादांकडे द्या, त्यांच्या शेजारचे शनिवारी रात्रीच्या गाडीने गावी येतायत. मिलिंद, तू आणि बडोदे स्पीड पोस्टने.